भिंतीवरच्या चिठ्ठ्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन महिने शिकाऊ होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्हा दोघी शिकाऊ मुलींपैकी एकीलाच ठेवणार होते, आणि मला राहायचं होतं.

तिथे कामं चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला लावत. अवघडपणाप्रमाणे प्रत्येक कामाला गुण. शेजारी कोणाचे आठवड्याला किती गुण झाले त्याचा आलेख, नावांसकट. दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं पिवळ्या चिठ्ठ्या हलायच्या, आणि शेवंतीच्या वाफ्याकडे बघावं तशी मी बघत राहायचे.

माझी रेघ सगळ्यांत खाली होती. मग मी एका कामाच्या तीन चिठ्ठ्या करू लागले, प्रत्येकीला वेगळे गुण. हळूहळू बाकीचेही करू लागले. रेघा चढत गेल्या. रक्ततपासणीच्या ज्या लॅबसाठी प्रोग्रॅम बनत होता, तिथून मात्र रोज फोन यायचा, "अहो, रिपोर्ट अजून छापत नाही!" ते काम माझं होतं.

एका रविवारी पहाटे आईबरोबर मळ्यात कोथिंबीर बांधत होते. डोळ्यांवर झोप, सगळीकडे धुकं, त्यात आईचे नुसते हात दिसत होते. माझ्या बारक्या जुड्या भराभर वाढत होत्या. आईनं त्यातली एक मुठीत धरली.

"लय झाल्या गं बाई! कालिजात हेच शिकवत्यात व्हय?" ती हसली. "जुड्या वाढल्या, कोथिंबीर तेवढीच हाय."

सोमवारी कंपनी चालवणाऱ्या सरांना सगळं सांगितलं. सर उठून भिंतीपाशी गेले.

"नावं मीच लावली ना," म्हणाले, आणि आलेख काढून टाकला.

मग चिठ्ठीवर दोनच तारखा राहिल्या. काम कधी घेतलं, आणि लॅबवाले ते कधी वापरू लागले. आठवड्याभरात दिसलं की बहुतेक चिठ्ठ्या टेस्टिंगपाशी, म्हणजे प्रोग्रॅम तपासण्यापाशी अडतात, कारण टेस्टिंग करणारा एकटाच. आम्ही दोघी त्याच्या मदतीला बसलो.

शेवटी ठेवलं ते बरोबरच्या शिकाऊ मैत्रिणीला. तिचं काम माझ्यापेक्षा सरस होतं, मलाही ते दिसत होतं. तरी वाईट वाटलंच.

शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन दारापर्यंत आले, तेवढ्यात फोन वाजला. सरांनी ऐकलं आणि मला हाक मारली.

"छापला म्हणे तुझा रिपोर्ट. ये, दुसरी तारीख तूच टाक."

पिशवी खांद्यावर तशीच होती. मी तारीख लिहिली. चिठ्ठी पंख्याखाली जराशी हलली.