दुसऱ्याच्या मेंदूची होडी

माझं अंग दुखायचं आणि ते कुठल्याच तपासणीत दिसायचं नाही. फळ्यावर लिहायला हात वर केला की खांद्यापासून बोटांपर्यंत आग व्हायची. सकाळी उठताना तर कुणी बडवून काढल्यासारखं वाटायचं. तपासण्या इथे झाशीत झाल्या, ग्वाल्हेरला झाल्या; रक्त, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया हे नाव सांगितलं. मेंदू दुखण्याचे इशारे वाढवून ऐकतो, असं काहीसं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये; बिघाड कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे, असं मानणारे. "म्हणजे हाडात, स्नायूत काहीच नाही?" एवढंच म्हणाले. तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला.

त्याच डॉक्टरांनी मला झाशीतल्याच इलाइट चौराह्यामागच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण मेंदूच्या लहरींवर प्रयोग करत होती. डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी जोडायच्या. समोर पडद्यावर एक होडी. मेंदू शांत झाला की होडी पुढे, नाहीतर जागच्या जागी. सरावाने मेंदू शांत राहायला शिकतो का, आणि त्याने दुखणं उतरतं का, हे तिला पाहायचं होतं. तिने काही लपवलं नाही. "आंटीजी, आधे लोगों की नाव उनके अपने दिमाग से चलेगी. बाकी को किसी और की रिकॉर्डिंग दिखेगी. आप किसमें हैं, यह न आपको पता होगा, न मुझे."

मी तयार झाले.

होडी पहिल्यापासून सुरेख चालली. हळूहळू मान हलकी वाटू लागली, झोप लागायला लागली. एका रविवारी मी मानिक चौकातून भाजीची पिशवी स्वतः उचलून आणली. ह्यांनी पुण्याला आपल्या बहिणीला फोन लावला. "मशीन लागू पडलं गं," असं सांगताना त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला.

मग शाळेत परीक्षा आल्या. उभ्याने पर्यवेक्षण करून पाय भरून आले, म्हणून खुर्ची मागितली, तर मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देखने में तो आप ठीक हैं." त्या संध्याकाळी वायरी लावून बसले तेव्हा अंगाची लाही होत होती, डोक्यात त्यांचंच वाक्य घुमत होतं. आणि पडद्यावर होडी संथपणे पुढे चालली होती.

मी बघत राहिले. वायरी जोडताना डॉक्टरीण दरवेळी बजावायची, दात आवळू नका, त्याने लहरी बिघडतात. मी दात आवळले. कानशिलं दुखेपर्यंत आवळले. होडी जराही अडखळली नाही. ती होडी माझी नव्हती.

घरी जेवताना ह्यांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "मग इतके दिवस बरं वाटत होतं, ते काय होतं?"

"तुम्हाला काय म्हणायचंय? दुखणंही खोटंच?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. पण वाटलं तसंच."

ते ताटावरून उठून गेले. पुढे काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. माझी झोप पुन्हा उडाली, मान पुन्हा दगड झाली.

पुढच्या वेळी मी खुर्चीत बसलेच नाही. "मुझे नहीं करना. मुझे लगता है मेरी नाव..."

डॉक्टरणीने हात वर केला. "वजह मत बताइए. मैं जान गई तो मेरा देखना भी बदल जाएगा." मग शांतपणे म्हणाली, "आप जब चाहें छोड़ सकती हैं."

"तो मेरे बारे में क्या लिखेंगी?"

"कि बीच में छोड़ दिया."

"और दर्द जो लौट आया, वह?"

"आप आती रहेंगी, तभी वह भी गिना जाएगा."

मी खांद्यावरची पर्स धरून दारापाशी उभी राहिले. माझ्यासारख्या सगळ्या निघून गेल्या, तर मागे फक्त बरं वाटणारे उरतील. उद्या ललितपूरहून एखादी बाई त्यांच्या भरवशावर इथे येऊन बसेल. मी परत फिरले आणि बसले. नंतरचे सगळे दिवस मी दुसऱ्या कुणाची तरी होडी पाहिली, आणि विचारलं तेव्हा दुखणं जसं होतं तसं सांगितलं.

प्रयोग संपल्यावर कळलं, माझा अंदाज बरोबर होता. ज्यांना रेकॉर्डिंग दाखवलं होतं, त्यांना आता खरा सराव देणार होते. या वेळी हे अर्धी रजा टाकून बरोबर आले, मागच्या स्टुलावर बसले. होडी हलेना. मी जोर लावला की आणखीच अडायची. बऱ्याच वेळाने बोटभर सरकली.

"चालली," हे हळूच म्हणाले, आणि ती थांबली.

खऱ्या सरावाने झोप थोडी सुधारली. दुखणं गेलं नाही. दोन्ही गटांत फार फरक दिसला नाही, असं डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं. ते सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी विचारलं, "ती होडी खोटी होती, तरी तेव्हा खरंच कमी दुखायचं?"

"हो."

"आणि नंतर खरंच वाढलं?"

"हो."

मग म्हणाले, "पाठ चोळून देऊ?"

"आज नको. हात लावला तरी दुखतंय."

"बरं," म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.