‘येते’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ

सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ‘बाहेरून दर्शन’ हे दोन शब्द ज्या कुणी प्रथम घातले असतील, त्याच्यावर माझा आजही राग आहे. एखादी वास्तू दाखवतो असे सांगायचे आणि प्रत्यक्षात बस तिच्यासमोरून जरा सावकाश न्यायची, याला मी दर्शन म्हणत नाही. मी याला वचनभंग म्हणतो. एका सरकारी खात्याच्या विधी शाखेत माझी सारी नोकरी गेली. शब्द मोजून वापरावा आणि वापरला की पाळावा, एवढेच त्या नोकरीने मला शिकवले, आणि निवृत्तीनंतरही ते माझ्याकडून सुटलेले नाही.

माझ्या पत्नीला ब्राझीलमधला तो प्रचंड धबधबा पाहायचा होता. बाकी काही नाही, फक्त धबधबा. निवृत्तीनंतर आम्ही कासारसाईला राहायला आलो, तेव्हापासून धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की ती तिथे जाऊन उभी राहते आणि ओली होऊन परत येते. “पाण्याचा आवाज असा पोटात ऐकू आला पाहिजे,” असे ती म्हणते. ही तिची हौस आमच्या लग्नाइतकीच जुनी आहे आणि तिने ती क्वचितच बोलून दाखवली आहे. म्हणून एका टूर कंपनीच्या पत्रिकेत त्याच धबधब्यापुढे ‘हवामान, वेळ व कंपनीची सोय यांस अधीन राहून’ असे वाचले, तेव्हा कंपनीच्या कचेरीत, पत्नीच्या शेजारी बसूनच, मी ते कलम लाल शाईने खोडले आणि बाजूला सही केली.

“साहेब, असं खोडता येत नाही,” व्यवस्थापक म्हणाला. “हे सगळ्यांना सारखंच असतं.”

“चूक सगळ्यांना सारखी वाटली म्हणून ती बरोबर होत नाही,” मी म्हणालो. त्यानंतर मी आणखीही बरेच म्हणालो. ते संपवून वळून पाहतो, तर पत्नीची खुर्ची रिकामी. ती खाली रिक्षात जाऊन बसली होती.

“ब्राझील रद्द,” ती म्हणाली.

“कंपनी रद्द. ब्राझील नव्हे. आपण आपले जाऊ.”

“आपण आपले म्हणजे मी, तुम्ही आणि तुमचा राग. अहो, तिकडे पोलीससुद्धा पोर्तुगीज बोलतात. मी यायची नाही.”

तिचा ‘नाही’ हा शब्द मी हलका समजत नाही. तरीही मी योजना आखायला घेतली. कारण ती आखून पूर्ण झाली, निर्दोष झाली, तर तिचे मन वळेल अशी मला आशा होती. आणि खरे सांगायचे तर त्या कामात मला अपरंपार आनंद मिळू लागला. जेवणाच्या टेबलावर मी ब्राझीलचा नकाशा पसरला. इतका मोठा देश, आणि लांबच्या प्रवासाला रेल्वे जवळजवळ नाहीच, हे कळल्यावर प्रथम मी संतापलो, मग तिथल्या रातोरात धावणाऱ्या बसगाड्यांचे वर्णन वाचून प्रसन्न झालो. इकडे थंडी सुरू होते तेव्हा तिकडे उन्हाळा लागतो. पीतज्वराची लस घेतल्याचे कार्ड जवळ नसेल तर परतताना आपल्याच देशात आपल्याला अडकवून ठेवतील. असे एकेक समजत गेले आणि मी प्रत्येक गोष्ट जेवताना पत्नीला सांगत गेलो. ती “हं” म्हणायची.

माझा पहिला मसुदा भव्य होता. ॲमेझॉनच्या जंगलात सुरुवात, तिथून ईशान्येकडचा किनारा, रिओ, खाणींच्या काळातले एक डोंगरी शहर, आणि शेवटी धबधबा. सर्व मिळून बारा दिवस. पत्नी मेथी निवडत होती. तिने नकाशावर एकदाच नजर टाकली.

“याला बाहेरून दर्शन म्हणतात,” ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मी लाल पेन उचलले. त्याच संध्याकाळी ॲमेझॉन खोडले, किनारा खोडला. उरले रिओ, डोंगरी शहर आणि धबधबा. ती अजूनही येणार नव्हतीच, पण योजना तिला लागू पडेल अशी होत चालली होती.

धबधब्याजवळच्या गावात एक वयस्क बाई आपल्या घरातल्या चार खोल्या प्रवाशांना देते, असे मला आढळले. मी तिला रीतसर पत्र लिहिले: खोली तळमजल्यावर आहे काय, गरम पाणी किती वाजेपर्यंत असते, स्वयंपाकघर वापरता येईल काय, धबधब्याकडे जाणारी बस दारातून किती अंतरावर थांबते, ‘सदर मुद्द्यांचा अनुक्रमे खुलासा व्हावा, अन्यथा अन्यत्र व्यवस्था करणे भाग पडेल.’ फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने त्याचे पोर्तुगीज झाले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. प्रत्येक मुद्द्याला उत्तर होते आणि प्रत्येक उत्तरात मला ‘डॉक्टर’ म्हटले होते. वकिलांना तिकडे असेच संबोधतात, हे मी नंतर शोधून काढले. पत्नीला मात्र हसू आवरेना.

“डॉक्टर, विचारा ना तिला, गुडघ्याला काय लावावं?”

आमच्या कुंपणापलीकडे शेळ्या-मेंढ्या पाळणारे एक कुटुंब राहते. त्या घरची बाई पत्नीची मैत्रीण. रोज दूध घेऊन येते आणि दुधापेक्षा जास्त वेळ गप्पांना देते. तिनेही ऐकले.

“काका तितं बी भांडनार व्हय? आन् भाषा येत न्हाई तर भांडनार कसं?”

“म्हणून तर मी जात नाही,” पत्नी म्हणाली.

“आवो जावा की. समजलंच न्हाई तर भांडान लागतंय कुटं?”

त्या घरमालकिणीने मग फोनवर बोलायची इच्छा व्यक्त केली. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. फोन टेबलावर ठेवला. आम्ही मराठीत बोलायचे, फोन पोर्तुगीज बोलायचा, आणि उलट. मी मुद्दा क्रमांक चारवर होतो, तेवढ्यात त्या बाईने माझे बोलणे मध्येच तोडून पत्नीला विचारले, “तुम्हाला पाणी आवडतं?” आणि पुढचा सारा वेळ त्या दोघी बोलत राहिल्या. धबधब्याचा तुषार किती लांबवर येतो, ओले कपडे कुठे वाळत घालायचे, ती बाई लहानपणी वडिलांबरोबर तिथे कशी जायची. मला कुणी काही विचारले नाही. पत्नीचा चेहरा असा मी सांडव्यावरून परत येताना पाहतो. इतक्यात फाटकातून दूधवाल्या मैत्रिणीची हाक आली. पत्नी उठली आणि म्हणाली, “बरं, येते हं.”

फोनने ते इमानदारीने पोर्तुगीजमध्ये सांगितले. पलीकडून आनंदाची आरोळी ऐकू आली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी छायाचित्र आले. तळमजल्याची खोली, रंगीत ठिगळांची गोधडी, आणि खाली मजकूर: ‘बाई येते म्हणाल्या, म्हणून ही खोली मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.’

माझ्यातला विधी शाखेचा माणूस तत्काळ जागा झाला. प्रस्ताव होता, स्वीकृती गेली होती. परंतु स्वीकृती देणाऱ्याच्या मनात तो हेतूच नव्हता. आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ते अशुभ. ‘येते’ हा केवळ निरोप. मी पत्नीला बजावले, “तुझ्यावर कोणतेही बंधन नाही. मी आत्ताच खुलासा पाठवतो.” आणि पुरावा पक्का असावा म्हणून दूध घेऊन आलेल्या मैत्रिणीलाच विचारले, “काल या ‘येते’ म्हणाल्या, ते तुम्ही ऐकलंत?”

“व्हय, ऐकलं की.”

“कुणाला उद्देशून म्हणाल्या?”

“मला म्हनल्या आसं वाटलं. मी हाक मारलीवती न्हवं?”

“झालं तर. म्हणजे ब्राझीलला नव्हे!”

“आता काका, ते त्यांच्या मनातलं. मला काय ठावं? पन म्हनताना लई हसत हुत्या.”

मी खुलाशाचे पहिले वाक्य लिहिले. पत्नी माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने ते वाचले.

“हे पाठवू नका,” ती म्हणाली.

“अगं, गैरसमज आहे तो. तू निरोप घेतलास.”

“मी आजवर ज्याच्या-ज्याच्या दारातून येते म्हणून निघाले, तिथे परत गेले नाही असं कधी झालंय? बिचारीनं गोधडीसुद्धा घातलीय.” मग ती म्हणाली, “तिच्याशी बोलताना तुम्ही मध्ये एक शब्द काढला नाहीत. तसं तिकडे राहणार असाल तर येते.”

कायद्याच्या भाषेत ही सशर्त स्वीकृती, म्हणजे खरे तर नवा प्रस्ताव. मी तो विनाशर्त स्वीकारला. मग तिने मला घरमालकिणीला पत्र सांगितले: आम्ही दोघे येत आहोत, पाच रात्री राहू, मला पाणी फार आवडतं. मुद्दा क्रमांक नव्हता, ‘अन्यथा’ नव्हते. मुक्काम पाच रात्रींचा झाल्यामुळे डोंगरी शहर गेले. मी त्याबद्दल थोडा वाद घातला आणि तो हरलो.

संध्याकाळी आम्ही तिकिटे काढायला बसलो. आसने निवडायची वेळ आली तेव्हा तिला खिडकी हवी होती. मला बाजूची चालेल, असे इथे लिहिणार होतो. पण उगाच खोटे का लिहायचे? मलाही खिडकीच हवी होती. तिने माझ्याकडे पाहिले, हसली, आणि तिच्यामागची खिडकी माझ्या नावावर केली. एवढा मोठा समुद्र आम्ही दोघे एकामागे एक बसून ओलांडणार आहोत. काही दिसले तर ती मागे हात करून मला सांगणार आहे.