दवाखान्याचा निळा कागद

साठ सालच्या आसपास मी आर्णीच्या एका शाळेत चित्रकलेची बाई होते. होते म्हणजे काय, जेमतेम टिकून होते. वर्गात चाळीस पोरं आणि चित्रकलेचा कागद तिघांजवळ. हेडमास्तर म्हणाले, "बाई, असा तास कायले ठेवायचा? तपासनीस साहेब येऊन राह्यले, तेच ठरवतील." तास गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की महागावचं ठरत आलेलं लग्न मुकाट्यानं करायचं. मला ते नको होतं.

मी इरेला पेटले. दवाखान्यात कापसाच्या गुंडाळ्या निळ्या कागदात यायच्या. आमच्याच मुलखातला कापूस, कुठूनतरी न्हाऊनधुऊन परत आलेला! कागद कंपाउंडर फेकून द्यायचा, तो मी मागून आणला. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, डब्यात कोंडून चुलीत घातल्या, त्यांचा कोळसा झाला. शाळेचा खडू होताच. निळा कागद म्हणजे आयतं आभाळ. कोळशानं अरुणावतीचा काठ काढला, खडूनं पाणी चमकवलं.

कोळसा पुसला जाऊ नये म्हणून कागद दुधातून काढतात, हे शिकताना ऐकलं होतं. आईला म्हटलं, "वाटीभर दूध दे, साहेबांसाठी पाहिजे." ताटात ओतून कागद त्यातून काढला, वाळवला आणि सकाळी वर्गात टांगला.

साहेब आले तेव्हा नदीकाठी मुंग्यांची रांग लागली होती. साहेबांसाठी म्हटल्यावर आई बिनसाखरेचं दूध देते होय!

साहेबांनी चष्मा वर केला. "दुधात साखर कोणी घातली?"

"आईनं," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. "शंभर वर्षांमागं गोरे साहेब दौऱ्यावर डोंगर-नद्या काढत फिरायचे. चांगला कागद जहाजानं यायचा, महाग पडायचा. मग तेही पुड्या बांधायच्या निळ्या कागदावर कोळसा-खडू चालवायचे. हा कागद चाळीस जणांना पुरेल?"

"पुरवीन."

शेऱ्यात त्यांनी लिहिलं, तास चालू ठेवावा, बाईंना कायम करावे. मी तो तीनदा वाचला आणि शाळेच्या माठाआड जाऊन पदरात तोंड खुपसून पोटभर रडले.

घरी सगळं सांगितलं.  आई म्हणाली, "आता महागाववाल्याईले काय सांगू?"

"सांग, पोरगी नोकरीत कायम झाली."