उरलेल्यातला पगार

विमानतळाच्या दारात अप्पा मला निरोप देत होते आणि आजूबाजूचे सगळे वळून बघत होते. अप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात बोलल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही ओरडल्यासारखं वाटतं. "पोरी, सही करायच्या आधी वाच," ते गर्जले. "वाचून कळलं नाही तर विचार. विचारून पटलं नाही तर उठ!" आई शेजारी उभी राहून त्यांची बाही ओढत होती. "आवो, हळू. लोक बघाल्यात."

आत शिक्का मारणाऱ्या साहेबांनी विचारलं, "सौदीला कशाला चाललीस?"

"हॉकी खेळायला."

त्यांना कौतुक वाटलं. "अरे वा! किती गोल मारलेस आजवर?"

"मी बॅक आहे सर. गोल अडवते."

"मग तुला कशाला नेतायत?" ते हसले, शिक्का मारला. मीही हसले. बावीस वर्षांची होते, पहिल्यांदा विमानात बसणार होते, त्या दिवशी कुणी काहीही म्हटलं असतं तरी हसले असते. आज तोच प्रश्न कुणी विचारला तर मी हसणार नाही. कारण तो प्रश्न मला रियाधमध्ये पुन्हा विचारला गेला, मोठ्या काचेच्या ऑफिसात बसून, 'बेटा' म्हणत म्हणत.

इचलकरंजीच्या मैदानावर अजून खेळणाऱ्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या इथे येऊन पोचलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. गोड लिहायला बसले होते, पण ते जमत नाही.

आपलं मैदान मुरमाचं. चेंडू कुठे उडेल सांगता यायचं नाही, म्हणून आपण स्टिकपेक्षा नडगीनेच जास्त चेंडू अडवले. पळणाऱ्या पोरी पुढे आणि दणकट पोरी मागे, अशी सरांची विभागणी असायची. मी मागे. सामना जिंकला की पेपरात फोटो पुढच्यांचा यायचा. त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही, कारण पैसे कुणालाच मिळत नव्हते. केळं आणि उकडलेलं अंडं सगळ्यांना सारखंच मिळायचं.

रियाधमध्ये निळं टर्फ होतं, एसीचा हॉल होता. पाच-पाच जणींची हॉकी, चारही बाजूंनी फळ्या. फळीवर आपटून चेंडू परत अंगावर येतो, त्यामुळे मागे खेळणारीला क्षणभर उसंत नसते. बायकांची ही लीग नवी होती. खासगी क्लब, निरनिराळ्या देशांतल्या पोरी, झगमगीत पोस्टर. इकामा क्लबच्या नावावर, म्हणजे राहण्याचा परवानाच मालकाच्या हातात. आम्हाला एका कंपाउंडमध्ये फ्लॅट दिला होता. सकाळी कोच 'यल्ला, यल्ला' करत दार वाजवायचा आणि आम्ही बसमध्ये चढायचो. मी पाहुण्यासारखी राहत होते. जे वाढतील ते खायचं, जे सांगतील ते करायचं, आवाज करायचा नाही.

मागच्या फळीत माझ्या जोडीला फरहीन होती. तिचे आईवडील दापोलीकडचे, पण ती रियाधमध्येच वाढलेली. वडिलांचं इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. ती माझ्याशी हिंदी-इंग्रजी बोलायची आणि आईशी फोनवर मराठी. पहिल्या दिवशी तिनं फोनवर "मम्मी, भूक लागलीय गो" म्हटलं, तेव्हा मी वळून बघितलं आणि आमची गट्टी जमली. हळूहळू मैदानात आम्ही एकमेकींना मराठीतच हाका मारायला लागलो. "डावीकडे बघ!", "मी आहे, तू जा!" समोरच्यांना काही कळायचं नाही. त्या मोसमात आमच्यावर सगळ्यात कमी गोल झाले. उपांत्य सामन्यात फरहीनच्या बोटाचं हाड मोडलं, तरी ती पट्टी बांधून परत उतरली. आम्ही दुसऱ्या आलो. पोस्टरवर आमच्या फॉरवर्डचा फोटो होता. ती बिचारी स्वभावाने चांगली, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मग करार नव्याने करायची वेळ आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या लीगमध्ये एका संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा, याला मर्यादा होती. सगळे तिला 'कॅप' म्हणायचे. श्रीमंत क्लबांनी सगळ्या चांगल्या खेळाडू पळवू नयेत, म्हणून हा नियम. नियम चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याचा उपयोग कसा होतो ते बघा. आधी गोल मारणारीचा पगार ठरतो. तिच्यासाठी क्लब एकमेकांशी भांडतात. मग गोलकीपरचा, कारण तिच्याशिवाय संघ उतरत नाही. मग जे उरतं त्यात बॅक. आणि बॅक वयाने लहान असतील तर फारच बरं, कारण त्यांना बोलता येत नाही.

आमचे मॅनेजर भारतातलेच. त्यांना आम्ही कपूर सर म्हणायचो. रियाधच्या ओलाया भागातल्या एका टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस. मला एकटीला बोलावलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. म्हणाले, "प्रतीक्षा बेटा, तू तो हमारी फॅमिली है." आणि कागद पुढे सरकवला. तीन वर्षांचा करार. पगार पहिल्या वर्षापेक्षाही कमी, आणि तिन्ही वर्षं तोच.

मी म्हटलं, "सर, कमी का?"

"नई फॉरवर्ड ली है ना. कॅप में जगह ही नहीं बची. और तू अभी छोटी है, तेरे पास बहुत टाइम है. तीन साल का भरोसा दे रहा हूँ, ये कम है क्या?"

भरोसा! मला तीन वर्षं स्वस्तात बांधून ठेवायचं आणि त्याला भरवसा म्हणायचं. पण तेव्हा हे शब्द सुचले नाहीत. मी फक्त म्हटलं, "विचार करून सांगते."

तेव्हा ते पुढे झुकले. "जल्दी करना बेटा. फरहीन ने तो साइन कर दिया, तुझसे भी कम में. तेरी जगह मैंने पकड़ के रखी है."

मी कंपाउंडवर परत आले ती जळत आले. फरहीननं? मला न विचारता? तिचं काय जातं म्हणा. तिचे वडील इथे आहेत, तिचा इकामा वडिलांच्या नावावर आहे, तिला कमी मिळालं तरी भागतं. आणि करारात कलमच होतं की आपला पगार दुसऱ्या खेळाडूला सांगायचा नाही. म्हणून मी तिला विचारलं नाही. सरावात मी तिच्याशी बोलेना. तीही माझ्याशी बोलेना. ज्या हाकांच्या जोरावर आम्ही मोसमभर गोल अडवले त्या बंद झाल्या, आणि सरावातही आमच्या मधून चेंडू जायला लागले.

हे फार दिवस चाललं असतं. पण शुक्रवारी फरहीनच्या आईचा फोन आला. त्यांना मी चाची म्हणते. "जेवायला ये गो. माझ्या पोरीनं बोलवलं नाय, मी बोलवतेय." मी गेले. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण. फरहीन ताटात बघत बसलेली. चाचीनं वाढून झाल्यावर डाव खाली ठेवला आणि सरळ मला विचारलं, "काय गो, कमी पैशांत सही करताना माझ्या पोरीचा विचार नाय आला तुला? सहा दिवस रडतेय ती."

"मी?" माझा घास हातातच राहिला. "सही तर हिनं केली ना!"

"मी कुठे केली?" फरहीन ओरडली. "सर म्हणाले तू केलीस! माझ्याहून कमी पैशांत! म्हणाले माझी जागा त्यांनी पकडून ठेवलीय!"

तीच वाक्यं. तोच कहवा, तेच खजूर. दोघींना वेगवेगळं बसवून आम्हाला एकमेकींच्या विरोधात लिलावात उभं केलं होतं, आणि बोली खाली खाली न्यायची होती. आम्ही दोघींनी त्या ताटावर बसूनच एकमेकींना पगार सांगितला. कलम गेलं खड्ड्यात. चाची उभ्या उभ्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जेवा आधी. भांडायला ताकद लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकत्र ऑफिसात गेलो. कपूर सरांनी आम्हा दोघींना एकत्र बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण पटकन सावरले. "बेटा, समझो. कॅप है. मेरे हाथ में क्या है?"

मी हिंदीत बोलायला सुरुवात केली आणि रागाच्या भरात मराठीत घसरले, फरहीननं पुढचं इंग्रजीत सांगितलं. माझं म्हणणं एवढंच होतं: कॅप सगळ्यांच्या डोक्यावर आहे ना, मग वाकायचं फक्त आम्हीच का? आणि खोटं का बोललात? कॅपमध्ये खोटं बोलायचाही नियम आहे का?

खोट्याला ते 'निगोशिएशन' म्हणाले. मग म्हणाले, "लोग गोल देखने आते हैं. गोल रोकना कोई नहीं देखता. दोनों में से एक को अच्छे पैसे दे सकता हूँ. आपस में तय कर लो, कौन."

ते 'आपस में तय कर लो' मी जन्मभर विसरणार नाही. फरहीननं माझ्याकडे बघितलं. अप्पा म्हणाले होते तेच मी केलं. उठले. माझ्याबरोबर तीही उठली.

आता यापुढे आमचा विजय झाला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. क्लबनं आमच्या जागी दोन नव्या पोरी आणल्या, आमच्याहून लहान आणि आमच्याहून स्वस्त. मोसमात त्यांच्यावर भरपूर गोल झाले आणि त्याचंही खापर त्या पोरींवरच फुटलं. मला फायनल एक्झिटची भीती दाखवण्यात आली, म्हणजे देश सोडून जा. चाचीच्या ओळखीनं एका भारतीय शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून काम मिळालं. पण इकामा शाळेच्या नावावर करायला क्लबनं मला इतके हेलपाटे घालायला लावले की त्या टॉवरचा लिफ्टमनही मला सलाम करायला लागला. फरहीननं खेळणं सोडलं. बोट नीट जुळलं नाही हे ती कारण सांगते. ते खरं कारण नाही. एवढी चांगली बॅक मी पाहिली नव्हती, आणि पंचविशीच्या आत ती घरी बसली. याचा मला राग येतो. अजूनही येतो.

घरी हे कळलं तेव्हा आई फोनवर रडली. अप्पा म्हणाले, "ये की परत. घर हाय." गेल्या सुट्टीत गेलेही. शेजारणीनं विचारलं, "हाकललं काय गं तिथनं?" मी म्हटलं, "नाही, मी उठले." तिला फरक कळला नाही. अप्पांना कळला. त्यांनी माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

तरी मी परत रियाधला आले. अप्पांनी कारण विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. आता सांगते. मागच्या महिन्यात लीगच्या लोकांनी शाळांच्या शिक्षकांना बोलावलं होतं, मुलींना हॉकीत कसं आणायचं यावर बोलायला. गोड गोड भाषणं झाली. मी उठून विचारलं, "वरची मर्यादा ठरवलीत, तशी खालची का नाही ठरवत? यापेक्षा कमी पगार कुणालाच नाही, असं?" व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, "गुड क्वेश्चन," आणि पुढच्या माणसाकडे वळले. मी बसले नाही. म्हटलं, "सर, क्वेश्चन गुड आहे तर उत्तर द्या." पुढच्या रांगेत कपूर सर होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

उत्तर अजून मिळालेलं नाही. पण घरी जाताना टॅक्सीत मला जाणवलं की त्या हॉलमध्ये मला क्षणभरही संकोच वाटला नव्हता. परक्याच्या दारात माणूस हळू बोलतो, पानात पडेल ते खातो आणि आभार मानून निघतो. मी पहिलं वर्ष तसंच काढलं. आता मी इथे अप्पांच्या आवाजात बोलते, लोक वळून बघतात, बघू देत. जिथे अन्याय झाला की सामान बांधण्याआधी भांडायला उभं राहावंसं वाटतं, ते घर. इचलकरंजी तर आहेच. हेही आहे.