चुडीवाली चाची

चुडीवाली चाचीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. वरोऱ्याहून सकाळच्या एसटीनं ती आमच्या फाट्यावर उतरे आणि डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावापर्यंत पायी येई. एकदा मी फाट्यावर तिच्या अगदी समोरून गेले, तरी तिनं ओळखलं नाही. घरी आल्यावर हात हातात घेतला तेव्हा म्हणाली, "अरे, तू तर कमलाबाईची धाकटी! तोंड रोज बदलते पोरी, हात नाई बदलत."

बांगड्या भरताना ती सारखी बोलत राही. अंगठ्याचं मूळ दाबता दाबता कितवीत आहेस, गणित जमतं का, असं विचारी, आणि उत्तराच्या नादात हात सैल पडला की बांगडी मनगटावर गेलेली असे. मी नववीत आहे म्हटल्यावर तिनं वरोऱ्याच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईची गोष्ट सांगितली. त्या बाईच्या हातात फक्त घड्याळ असायचं. "तसा हात पाह्यला का मले लय चांगलं वाटते," ती म्हणाली. बांगड्या विकणाऱ्या बाईनं असं बोलावं याचं मला हसू आलं होतं.

तिचे स्वतःचे हात मात्र मोकळे असत. कोणी विचारलं तर म्हणायची, "हलवाई आपली मिठाई खात नाई." खरं कारण पुढे आईकडून कळलं. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, अंगावर लहान मुलगा होता. नवऱ्याचीच पेटी उचलून ती गावोगाव फिरू लागली. बाईमाणसानं असं एकटं हिंडणं तिच्या मोहल्ल्यात कोणाला पटलं नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

मी दहावीत असताना माझा दादा शेतात वीज पडून गेला. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांची होती, पदरात दोन वर्षांची मुलगी. दीड वर्षानं वहिनीची गावच्या अंगणवाडीत निवड झाली आणि प्रशिक्षणासाठी तिला चिमूरला बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर चाची बसली होती. संक्रांत जवळ आलेली, शेजारच्या चार-पाच बाया बांगड्या भरायला आल्या होत्या. वहिनी घरातून आली, चाचीसमोर बसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. भरायला पुढे केलेले हात बायांनी मागे घेतले.

चाचीनं एवढंच विचारलं, "रंग कोन्ता?"

"हिरवा नाई," वहिनी म्हणाली. "दुसरा कोन्ताबी."

चाचीनं जांभळ्या काढल्या आणि दोन्ही हातांत चार-चार भरल्या. त्या दिवशी मात्र ती काही बोलली नाही, आणि तरीही एकही बांगडी फुटली नाही.

आई शेतावरून आली तेव्हा वहिनीला काही म्हणाली नाही. तिचा सगळा राग चाचीवर निघाला. पुढच्या खेपेला चाची दारात आली तेव्हा आईनं तिला तिथंच थांबवलं. "माह्या पोराची राख थंडी नाई झाली, आन् तू त्याच्या बायकोले सजवून राह्यली," आई म्हणाली.

"म्या सजवलं नाई, कमलाबाई. तिनं हात समोर केला. म्या आजवर कोनाचा हात वापस नाई केला."

आईनं दार लावलं. मग गल्लीतली बाकीची दारंही लागली. चाची पेटी डोक्यावर घेऊन टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मी खिडकीतून पाहत होते, हाक मारायची हिंमत झाली नाही. त्यानंतर ती आणखी दोनदा आली, मग यायची थांबली.

वहिनीनं बांगड्या उतरवल्या नाहीत. बाया कुजबुजायच्या, पण त्यांचीच लेकरं दिवसभर वहिनीच्या मांडीवर असायची. हळूहळू गावाला सवय झाली. पुढे दुसऱ्या दोघीतिघी विधवांनीही हात मोकळे ठेवले नाहीत. एका बाजारच्या दिवशी आईनंच वरोऱ्याहून डझनभर बांगड्या आणल्या आणि वहिनीच्या चुलीजवळ ठेवल्या.

मला गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. एका उन्हाळ्यात गावी जाताना वरोऱ्याला उतरले आणि विचारत विचारत चाचीचं घर शोधलं. बाजारामागच्या बोळात एक खोली. मुलगा नागपूरला, सणावारी येणारा. तिचे गुडघे गेले होते, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. आता दुकानात तयार जोड मिळतात, बांगड्या भरायला कोणी हात देत नाही, असं ती सांगत होती.

तिला बरं वाटावं म्हणून मी गावची हकीकत सांगितली. वहिनी आता हळदीकुंकवाला सगळ्यांसोबत बसते, गावातल्या विधवा बांगड्या घालतात, आणि आई कशी बदलली तेही. चाची खूश झाली. एकेकीचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "केव्हापासून घालून राह्यल्या?"

"आठ-दहा वर्षं झाली असतील, चाची."

तिनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आठ-दहा वर्स," ती म्हणाली. "तवा तं माह्ये पाय चालत होते, पोरी."

एवढ्या वर्षांत आमच्या गावातून तिला कोणी निरोप धाडला नव्हता. मीही नाही.