शेवटच्या ओव्हरचा बॉल

काल शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इथे आखातात राई भागातल्या गोदामामागच्या मैदानात टेनिस बॉलचा नवा डबा उघडला. त्या रबरी वासाने मला थेट देवगडला नेलं.

तेव्हा मी भाड्याचा बॉलर होतो, दर रविवारी वेगळ्या वाडीची जर्सी. एका फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये आठ रन वाचवायचे होते. मी हात पुढे केला, तर कॅप्टन बाबल्या म्हणाला, "तू भायरचो. शेवटची ओव्हर वाडीतलोच टाकतलो."

त्याच्या भाच्याने दोन बॉलांत मॅच घालवली. मी बाउंड्रीवर नुसता चरफडत राहिलो. तेव्हापासून बाबल्याला शिव्या घालतोय.

काल कॅप्टन मी होतो. आमचा सगळ्यात चांगला बॉलर, केरळहून आलेला शाजी, याने शेवटच्या ओव्हरसाठी हात पुढे केला.

मी बॉल माझ्या गाववाल्याला दिला.