मॅचिंगकाकांचा डोळा

मॅचिंगकाकांच्या लेखी नुसता लाल असा रंगच नव्हता. डाळिंबी होता, कुंकवाचा होता, राणीकडे झुकणारा होता. गिऱ्हाईक "लाल द्या" म्हणालं की काका विचारायचे, "कुठला?" सिकंदराबादच्या बाजारात त्यांचं साडीला जुळणाऱ्या ब्लाउजपिसांचं दुकान होतं, आणि तारनाक्याला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे.

दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. साडी आणि पीस घेऊन ते थेट रस्त्यावर यायचे. "उजेडात, शेजारी-शेजारी धरायचं. एकटा रंग फसवतो," असं म्हणत दोन्ही कापडं उन्हात धरून उभे राहायचे, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असला तरी.

मी कापडावरच्या छपाईसाठी डिझाइन करते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर जांभळा दिसणारा रंग कापडावर वांग्याचा होऊन यायचा. दुसऱ्यांदा सगळा माल परत आला, तेव्हा कुर्ते शिवून घेणाऱ्या बाईंनी बजावलं, "आता पुन्हा झालं तर काम दुसरीकडे." नवा लॅपटॉप घेणं भागच होतं. पंधरा दिवस मी आकडे घोकत होते. जिन्यात काका भेटले तेव्हा तेच सुरू केलं, "एकाचा उजेड तीनशे निट्स, दुसऱ्याचा चारशे, तिसऱ्याचा पाचशे..."

"ते निट्स राहू दे. कापड घे. मी येतो."

शोरूममध्ये प्रत्येक स्क्रीनवर धबधबे कोसळत होते, मोर नाचत होते. काका म्हणाले, "सगळ्या नवऱ्या मेकअप करून बसल्यात. आधी तोंडं धुवायला लाव." मी व्हिडिओ बंद केले, तिन्हींचा उजेड पूर्ण वाढवला आणि पेनड्राइव्हवरचं माझं एकच जांभळं डिझाइन तिन्हींवर उघडलं. शेजारी त्याच डिझाइनची, रंग बरोबर उतरलेली नमुन्याची ओढणी धरली. काका वाकले, मागे सरले, बाजूला जाऊन तिरके बघू लागले. तीनशेवाला बाजूने पार राखाडी पडत होता. तो बाद. उरलेल्या दोघांकडे बोट करून ते म्हणाले, "बाहेर."

काउंटरवरची बाई दचकली. "अंकल, बाहर नै ले जा सकते."

"बाहर नक्को अम्मा, काच के दरवाजे तक चलते. मेरे को धूप होना."

ती हसली आणि स्वतःच दोन्ही उचलून दारापाशी आली. उन्हात पाचशेवाल्या चकचकीत स्क्रीनमध्ये आमचेच तीन चेहरे दिसले. "हा आरसा झाला," काका म्हणाले. चारशेवाल्याची काच चमकत नव्हती. त्यातला जांभळा जांभळाच राहिला. ओढणी टेकवली, तर कापड कुठे संपतं तेच कळेना! मी ओरडलेच. बाईही पुढे वाकून म्हणाली, "अरे, सेम टू सेम!" काका असे ताठ उभे होते, जणू तो रंग त्यांनीच कालवला होता.

तोच घेतला, आणि त्यावर केलेला पहिलाच माल जसाच्या तसा उतरला. कापड घेऊन मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले होते. तेव्हापासून प्रत्येक नवं डिझाइन आधी काकांना दाखवून शाबासकी घ्यायची, हा नेमच झाला.

पुढच्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्या दिवशीच त्यांचा फोन आला. "अगं, निळा किती निळा असतो!" मग एकदम दचकून, "म्हणजे तुझा लॅपटॉप मी मोतीबिंदूने पिवळ्या झालेल्या डोळ्यांनी निवडला की!"

काळा चष्मा लावून, कठडा धरून ते तसेच वर आले. खिडकीपाशी स्क्रीन आणि कापड पुन्हा जोडून पाहिलं, आणि हुश्श करून हसले. "स्क्रीन आणि कापड दोन्ही त्याच डोळ्यांनी बघितलं होतं ना, म्हणून वाचलो."

मुलीकडे नांदेडला कायमचं जायला त्यांना आठच दिवस उरले होते. तरी ते उठेनात. "आता पहिल्यापासून दाखव," म्हणाले. मी सगळी डिझाइनं एकेक करून उघडत गेले. आधी ते प्रत्येक रंगाचं नाव घेत होते. हळूहळू नावं थांबली. खालून काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटचं डिझाइन संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, एवढं सगळं होतं यात? मी आजवर अर्धंच बघून शाबासकी देत होतो."